नारकंड्याहून आणलेलं रखालचं रोप मुलुंडमध्ये जगेल का?

अंगणवेडा, मुलुंड पूर्व
12 ऑक्टोबर, सकाळी 7:40

नमस्कार मंडळी,

झाडाचं नाव आधी सांगतो. हिमाचलात रखाल, गढवालात थुनेर, इंग्रजीत यू. शास्त्रीय नाव टॅक्सस वॉलिचियाना. बारमाही हिरवं, चपट्या मऊ सुयांसारखी पानं, वरून गर्द हिरवी आणि खालून फिकट. मे महिन्यात याची दोन रोपं आणली, दोन्ही वीतभर उंचीची. एक गेल्यात जमा आहे. दुसऱ्याचे शेंडे करपायला लागलेत. ते वाचवायचं आहे, आणि का वाचवायचं आहे ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

माझी मोठी बहीण माझ्याकडे असते. वय 66. दोन वर्षांपूर्वी तिला अंडाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि नंतर दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा केमो. परळला पहाटेच्या लोकलने जायचो, कारण दिवसभराचं काम असे. आधी उलटीचं आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, मग तीन तास एक औषध, मग दुसरं. त्या तीन तासांच्या औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. चौथ्या वेळी सलाईन लावणाऱ्या तरुण डॉक्टर मुलीने सहज सांगितलं, "आजी, हे औषध झाडाच्या सालीतून सापडलंय बरं का." ताईने त्या दिवशी परतीच्या गाडीत दुसरं काही बोललंच नाही. कुठलं झाड, कसं दिसतं, आपल्याकडे आहे का, एवढंच.

औषधाने तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. ब्लाऊजचा हुक लावता येत नसे, भाकरीचं पीठ हाताला लागतंय की नाही ते कळत नसे. पण औषध लागू पडलं. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि आतापर्यंतच्या सगळ्या चांगल्या आल्या आहेत.

मे महिन्यात तिला तिकडे घेऊन गेलो. नारकंड्याच्या वरच्या जंगलात देवदार-खरसूच्या सावलीत वाटाड्याने झाड दाखवलं. मी मोठं काहीतरी डोळ्यांसमोर आणलं होतं. झाड बेताचंच, पण खोड असं की बघत राहावं. तांबूस-तपकिरी, पातळ पापुद्रे सुटलेले, आत जांभळट लाल. ताईने चप्पल काढली आणि दोन्ही हात खोडाला लावून उभी राहिली. मी मागे फिरलो, तिला तिचा वेळ दिला.

येताना रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं घेतली. फांदीपासून तयार केलेली होती, जंगलातून उपटलेली नव्हती, हे दोनदा विचारून घेतलं. "कुठेही येतं, काही करावं लागत नाही," असं तो म्हणाला. चंदीगडहून रेल्वेने मांडीवर घेऊन आणली.

आमची सोसायटी जुनी, आम्ही तळमजल्यावर. खिडकीसमोर चार फूट बाय अठरा फुटांची मातीची पट्टी माझ्याकडे आहे. तगर, अनंत, कढीलिंब, एक देशी गुलाब, सगळं नीट येतं. एक रखाल पट्टीत लावलं आणि एक मातीच्या कुंडीत, खिडकीच्या छज्जाखाली. जुलैपर्यंत दोन्ही हिरवी होती. ऑगस्टमध्ये जमिनीतल्याची आतली पानं आधी पिवळी, मग विटकरी झाली. आता ऑक्टोबरच्या उन्हात कुंडीतल्याचे शेंडेही तसेच दिसायला लागलेत.

काय चुकतंय? पाणी, ऊन, खत, जे असेल ते सांगा. या बाबतीत मला आशा लावून ठेवणारं उत्तर नको, खरं उत्तर हवं आहे.

---

कुंडीतला कोपरा, बोरिवली
12 ऑक्टोबर, सकाळी 9:15

दादा, आधी ताईंना नमस्कार सांगा.

वरून बघून काही कळायचं नाही. जमिनीतलं रोप मातीच्या गोळ्यासकट उचला आणि मुळं बघा. जिवंत मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं, टोक टणक लागतं. काळपट, मऊ आणि कुबट वासाचं असेल तर मूळ कुजलंय. मग खत अजिबात घालू नका, कुजलेल्या मुळाला खत म्हणजे ताप आलेल्याला पुरणपोळी. कुंडीत कोणतं मिश्रण आहे तेही लिहा.

---

अंगणवेडा
12 ऑक्टोबर, सायंकाळी 6:50

दुपारी उचललं. वास आधी आला, साचलेल्या गटारासारखा. चार-पाच मुळं हातात धरून हलकेच ओढली तर भिजवलेल्या वालाचं साल सुटावं तशी वरची साल निसटून आली आणि आत सुतासारखा धागा राहिला. पांढरं टोक एकही दिसलं नाही. पट्टीतली माती चिकट काळी आहे, खाली जुन्या बांधकामाचा राडारोडा. जुलैत तिथे पाणी साचतं हे मला माहीत होतं, तगरीला काही होत नाही म्हणून याचाही विचार केला नाही. ही चूक माझी.

कुंडीत अर्धं कोकोपीट, पाव भाग शेणखत, पाव भाग तांबडी माती. ते रोप अलगद काढून पाहिलं. बाहेरच्या बाजूला काही मुळं काळी आहेत, पण आत पांढरी टोकं आहेत, मोजली तर नऊ. शेंड्याकडची दोन बोटं सुकली आहेत, खाली हिरवं आहे. नखाने खरवडलं तर आत ओलं हिरवं लागतं.

---

लीड्सकर
12 ऑक्टोबर, रात्री 11:20

काका, मी मूळची गिरगावची, गेली अकरा वर्षं इंग्लंडात. आमच्या घराला पुढून चौदा मीटरचं यूचं कुंपण आहे, इथलं टॅक्सस बकाटा, तुमच्या रखालचं सख्खं भावंड. जे हाताने केलंय तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट, हे झाड थंडी सोसतं, वारा सोसतं, सावली सोसतं, चुनखडीची जमीनही सोसतं. सोसत नाही ते फक्त मुळाशी थांबलेलं पाणी. आमच्याकडेही पन्हाळीचं पाणी जिथे पडायचं तिथली दोन झाडं अशीच गेली, बाकीची तशीच हिरवीगार. त्यांच्या जागी नवीन लावताना आम्ही जमीन वीतभर उंच करून, खडी-रेती घालून लावली. नवीन कुंपण लावायचं तर दोन झाडांत साधारण साठ सेंटीमीटर ठेवतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, मग बघावंही लागत नाही. वाढ वर्षाला वीस ते तीस सेंटीमीटर. घाईच्या माणसाने लावू नये.

छाटणी वर्षातून एकदा, ऑगस्टच्या शेवटी. बाकीची बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या लाकडापर्यंत कापली की तिथून पुन्हा फुटत नाहीत. यू फुटतं. घर घेतलं तेव्हा कुंपण दीड मीटर जाड झालं होतं, पायवाट गिळून टाकलेली. मार्चमध्ये एक बाजू पार खोडापर्यंत कापली. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे, नुसत्या तपकिरी काठ्या उभ्या होत्या. मी रोज सकाळी चहा घेऊन जाऊन बघायची. मे संपता संपता उघड्या खोडावर मोहरीएवढे हिरवे ठिपके आले, थेट सालीतून. दुसरी बाजू दोन वर्षांनी कापली. दोन्ही एकदम कापायच्या नाहीत, झाडाला पानं लागतात. ही ताकद आहे म्हणूनच इथे लेव्हन्स हॉलच्या बागेत 1690 च्या दशकात लावलेली यूची झाडं अजून कापून आकारात ठेवलेली आहेत, आणि स्कॉटलंडात फॉर्टिंगलच्या चर्चच्या आवारातलं यू दोन-तीन हजार वर्षांचं मानतात.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. हे झाड विषारी आहे. पानं, साल, लाकूड, बी, सगळं. फळाभोवतीचा लाल मऊ गर तेवढा विषारी नाही, पण त्याच्या आतली बी विषारी, म्हणून गराच्या वाटेलाही कोणी जायचं नाही. पक्षी गर खातात, बी न चावता तशीच टाकतात, म्हणून त्यांचं भागतं. विषाचं नाव टॅक्सीन, ते थेट हृदयावर जातं. पानं वाळली तरी विष कमी होत नाही. आमच्या मागच्या गल्लीत घोडे आहेत, त्यामुळे छाटणीच्या दिवशी मी खाली चादर अंथरते आणि शेवटची काडीसुद्धा गोळा करते. मुलगा तीन वर्षांचा असताना लाल फळं बघून धावायचा. त्याला रोज तेच वाक्य सांगायचे, "बघायचं, तोंडात नाही."

काका, तुमच्या सोसायटीत मुलं, मांजरं असतील. आणि कुणी तुम्हाला "औषधी झाड आहे, पानांचा काढा करा" म्हणालं तर कृपा करून ऐकू नका. ताईंच्या बाटलीत जे होतं ते शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध होतं. पानात टॅक्सीन आहे, ते वेगळं.

---

वसईची वाडी
13 ऑक्टोबर, सकाळी 6:30

खरं उत्तर मागितलंत म्हणून सांगतो. रोपवाटिकेच्या धंद्यात 22 वर्षं झाली. मुंबईत हे झाड होणार नाही.

मुळं कुजली हे निमित्त. समजा तुम्ही मातीचा निचरा सुधारलात, कुंडीत अर्धी जाड रेती आणि विटांचे तुकडे घातलेत, तर हे रोप अजून वर्ष-दीड वर्ष काढेल. पण हे झाड हिमालयात साधारण 1,800 मीटरच्या वर वाढतं. पाऊस तिथेही पडतो, पण उतारावर पडतो आणि पालापाचोळ्यातून निघून जातो. रात्री गार असतात. आपल्याकडे जानेवारीतही रात्रीचा पारा बहुतेक वेळा पंधरा-सतराच्या खाली जात नाही. या झाडाला दरवर्षी थंडीत झोपायची सवय आहे, ती झोप इथे मिळत नाही. झोप नाही म्हणून नवीन फूट धड येत नाही, दरवर्षी थोडं थोडं झिजतं. पूर्वी मीसुद्धा सफरचंदाची रोपं आणून हेच करून बघितलंय.

पट्टीत लावायला दोन झाडं सुचवतो.

पोडोकार्पस. हेही सूचिपर्णी, पान यूसारखंच पण लांब आणि रुंद. मूळचं जपान-चीनकडचं, पण आपल्या दमट हवेत व्यवस्थित येतं, कात्रीलाही ऐकतं. पट्टीतला राडारोडा दीड फूट खोल काढा, तांबडी माती, रेती आणि कुजलेलं शेणखत घाला आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच वरंबा करून दोन-दोन फुटांवर लावा. छाटणी पाऊस संपल्यावर. कोवळ्या फुटीवर मिलीबग ही पांढरी कीड येते, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. याचंही बी-पान कुणी तोंडात घालायचं नाही.

दुसरं कुंती, रोपवाटिकेत कामिनी म्हणतात. सुईचं पान नाही, पण बारमाही हिरवी, दाट कुंपण होतं आणि पावसाची सर येऊन गेली की पांढऱ्या फुलांनी भरते. खर्च कमी, वाढ लवकर.

मोरपंखी मुद्दाम सांगत नाही. पावसाळ्यात आतून सुकून तपकिरी होते, मग तुम्हाला पुन्हा हाच त्रास.

---

घाटमाथा
13 ऑक्टोबर, सकाळी 10:05

महाबळेश्वरला कुणाच्या बंगल्यात द्यायचं का? थंड आहे की.

---

वसईची वाडी
13 ऑक्टोबर, सकाळी 10:40

उंची जेमतेम 1,350 मीटर आणि पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. मुलुंडपेक्षा लवकर कुजेल.

---

नंदुरबारचा मास्तर
13 ऑक्टोबर, रात्री 9:30

मी रसायनशास्त्र शिकवतो. अंगणवेडा, तुमच्या ताईंना एक गोष्ट नक्की सांगा.

हे औषध ज्या दोघांनी शोधलं त्यातले एक आमच्या नंदुरबारचे. डॉ. मनसुख वाणी. जन्म 1925, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिकेत. 1962 मध्ये तिथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूची साल गोळा केली गेली, आणि नॉर्थ कॅरोलायनात मनरो वॉल आणि वाणी यांनी तिच्यातलं द्रव्य वेगळं करून 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी ते काम कसं करतं ते दाखवलं. पेशी दोन होताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. हे औषध तो सांगाडा मोडूच देत नाही, मग पेशी विभागता विभागता अडकते आणि मरते. मज्जातंतूंनाही त्याच नळ्या लागतात, ताईंच्या बोटांना मुंग्या आल्या त्याचं कारण तिथेच आहे. अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी 1992 मध्ये परवानगी मिळाली.

साल काढली की झाड मरतं, आणि सालीत औषध अगदी थोडं. त्यामुळे झाडंच्या झाडं गेली. मग इंग्लंड-युरोपातल्या यूच्या पानांतून कच्चं द्रव्य काढून पुढचं प्रयोगशाळेत करायची रीत निघाली, पानं पुन्हा येतात. आपल्या हिमालयातलं रखाल मात्र साल-पानांसाठी इतकं ओरबाडलं गेलं की आज ते धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे.

याच दोघांनी 1966 मध्ये कॅम्प्टोथेसिन शोधलं, चीनमधल्या एका झाडात. त्याच्यापासून केलेलं एक औषधही अंडाशयाच्या कर्करोगावर देतात. हे द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात आहे. महाबळेश्वर, आंबोलीकडे नरक्या होतो, आणि त्याचीही तशीच तोड झाली. हिमालय लांब वाटत असेल तर ताईंना पुढच्या वेळी नरक्या दाखवा.

---

लीड्सकर
14 ऑक्टोबर, रात्री 12:10

काका, कुंडीतलं रोप परत डोंगरात पाठवायचं मनात असेल तर एक काळजी घ्या. ज्या बुरशीने मुळं कुजतात ती मातीतून पसरते. मुलुंडची माती तशीच घेऊन गेलात आणि जंगलात लावलंत तर तिथल्या मोठ्या झाडांना धोका. सगळी माती धुऊन टाका, काळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, नवीन भरड मिश्रणात लावा आणि पांढरी मुळं वाढलेली दिसेपर्यंत हलवू नका. नंतरही बागेतच ठेवायचं, जंगलात नाही. आणि मुंबईच्या उकाड्यातून एकदम गोठणाऱ्या थंडीत नको. पहिला हिवाळा कुंडीतच, आडोशाला, आणि बागेच्या जमिनीत मार्चमध्ये.

---

अंगणवेडा
23 नोव्हेंबर, सकाळी 8:20

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण मुद्दाम थांबलो होतो, सांगण्यासारखं काही हातात येईपर्यंत.

सगळे प्रतिसाद ताईला वाचून दाखवले. नंदुरबारचं वाचताना तिने थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. आमचं आजोळ शहाद्याचं, तिथून नंदुरबार किती जवळ. "म्हणजे आपल्याच गावाकडचा माणूस," एवढं म्हणून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "ते रोप इथे ठेवू नकोस. माझ्यासाठी त्याला झिजवत ठेवायचं नाही."

जमिनीतलं रोप गेलं. माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला केली. कुंडीतलं धुतलं, सात काळी मुळं कापली, अर्धी जाड रेती, विटांचे तुकडे आणि थोडी तांबडी माती अशा मिश्रणात लावलं. पूर्वेच्या खिडकीत आतल्या बाजूला ठेवलं, जिथे सकाळी तासभरच ऊन येतं. मातीत बोट घालून दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. परवा कडेने माती सरकवून पाहिलं, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी टोकं बऱ्याच ठिकाणी आली आहेत.

भाच्याच्या मित्राची बदली सिमल्याला झाली आहे, त्याच्या क्वार्टरला अंगण आहे. तो परवा निघतोय. लीड्सकर, तुमच्या सगळ्या सूचना कागदावर लिहून दिल्या आहेत, मार्चची ठळक अक्षरात. विषाबद्दलही लिहिलंय, त्याला लहान मुलगी आहे. ती पाच-सहा वर्षांची होईपर्यंत रोप गच्चीवर ठेवायचं असं त्यानेच ठरवलं.

आज सकाळी खोक्याला चार बाजूंनी भोकं पाडली, कुंडीभोवती वर्तमानपत्र कोंबलं. सुतळी मी धरली होती. ताई म्हणाली, "दे इकडे," आणि गाठ तिनेच मारली. एकदा सुटली, दुसऱ्यांदा पक्की बसली.

पट्टीतून अकरा घमेली राडारोडा निघाला. वरंबा करून सात पोडोकार्पस लावलेत, टोकाला एक कुंती, ताईला वास आवडतो म्हणून. वसईवाले दादा, सध्या एक दिवसाआड पाणी देतोय, माती खालून ओलसर राहते. जास्त होतंय का?